गाव ते शाळा, शाळा ते गाव : कागलच्या मुलींचं कोल्हापूर

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

उन्हाळ्याच्या सुट्टीवर बोलूया असं मागच्या भागात म्हटलं होतं. कुठं जायचं, काय बघायचं, असे बरेच निरोप आले. कोकण, महाबळेश्वर, अष्टविनायक. मी आज ज्या सहलीबद्दल बोलणार आहे ती मात्र जेमतेम वीस किलोमीटरची आहे. कागल ते कोल्हापूर. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं, असे तीन दिवस. १४ मुली, वय वर्षं १३ ते १६. बरोबर मी आणि माझी एक मैत्रीण.

आता तुम्ही म्हणाल, कागलच्या पोरींना कोल्हापूर काय दाखवायचं? एका मुलीच्या आज्जी मला अगदी हेच म्हणाल्या. "कोल्हापूर काय बघायचं हाय त्यात? महिन्याला जातोच की."

जातोच की. बरोबर आहे. कागल हायवेवर. गैबी चौकातून निघालं की स्टँड, एसटी नाहीतर केएमटी मिळते, गोकुळ शिरगाव ओलांडलं की कोल्हापूर आलंच. पण निघायच्या आधी मी मुलींना एक काम दिलं होतं. कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुम्ही कोल्हापुरात जिथं जिथं गेलाय त्या जागा लिहा. १४ कागद गोळा झाले. सगळ्यांवर अंबाबाई. बहुतेकांवर महाद्वार रोड, म्हणजे लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे. बऱ्याच जणींच्या कागदावर सीपीआर, म्हणजे कुणीतरी आजारी. तीन-चार जणींनी रंकाळा लिहिलं होतं. संपलं.

देव, खरेदी आणि दवाखाना. तिन्ही ठिकाणी कुणाच्या तरी मागून जायचं आणि काम झालं की परत यायचं. त्यांच्या वयाचे त्यांचे भाऊ गाडीला किक मारून कोल्हापूरला जातात, मॅच बघतात, भेळ खातात, कुठं गेला होतास असं त्यांना कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची योजना आहे. फार चांगली योजना. त्या पासामुळं कितीतरी मुली सातवीनंतर शाळेत टिकल्या. पण तो पास गाव ते शाळा आणि शाळा ते गाव एवढ्यापुरता. आमच्यातली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मला एकच रूट पाठ आहे." हे वाक्य माझ्या डोक्यातनं गेलं नाही. सहल तिथूनच सुरू झाली म्हणा.

परवानगी

प्रत्येक घरी आम्ही दोघी जाऊन भेटलो. फोनवर विचारलं नाही. मोठ्ठा प्रश्न एकच. "बरोबर गडीमाणूस कोण हाय?"

कुणी नाही, असं सांगितलं की शांतता. मग चहा. मग दुसरा प्रश्न, "कशाला वो उन्हातान्हाचं?" मी सांगायचे, अहो, शाहू महाराजांचं कोल्हापूर बघायचंय. कागलमध्ये हे नाव घेतलं की दार उघडतं. शाहू महाराज मूळचे आपल्या कागलच्या घाटग्यांचे. यशवंतराव घाटगे. १८८४ साली नऊ वर्षांच्या या मुलाला कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतलं आणि तो कोल्हापूरच्या गादीवर गेला. २६ जूनला जयंती असते, आमच्या या सगळ्या मुलींची भाषणं पाठ आहेत. त्यामुळं शाहू महाराजांच्या नावानं १४ परवानग्या मिळाल्या. पंधरावी मिळाली नाही. ती मुलगी आदल्या रात्रीपर्यंत येणार होती.

मी प्रत्येक घरी एक वाक्य बोलले होते, "जबाबदारी माझी." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचं काय झालं ते सांगते.

पहिला दिवस : दसरा चौक

तिकीट प्रत्येकीनं आपलं आपण काढायचं, हा पहिला नियम. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. हसू नका, पण १४ पैकी नऊ मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कंडक्टरकडं पैसे दिले. एरवी आई काढते नाहीतर बाबा.

स्टँडवर उतरून व्हीनस कॉर्नरवरून चालत दसरा चौकात गेलो. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला बोर्डिंगं. हे या शहराचं मोठं वैशिष्ट्य. महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली मुलं, सगळ्यांसाठी. खेड्यातल्या पोरानं शहरात शिकायला यायचं तर राहायचं कुठं, जेवायचं कुठं? हा प्रश्न सुटला तरच शाळेचा उपयोग. १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. पुढं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड. मी हे सगळं उत्साहानं सांगत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, पोरींचं बोर्डिंग कुठाय?"

मी थांबले. आम्ही ज्या इमारतींसमोर उभ्या होतो ती मुलग्यांची वसतिगृहं होती. इतकी वर्षं मी हे सांगत आलेय, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग आम्ही तिथंच सावलीला बसलो आणि मी त्यांना इंदुमती राणीसाहेबांची गोष्ट सांगितली. महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी, त्यांचं लग्न १९१७ मध्ये झालं. सून अवघी दहा-अकरा वर्षांची. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या जूनमध्ये, शिकारीच्या वेळी अपघात होऊन राजपुत्र गेले. म्हणजे बारा वर्षंही पुरी व्हायच्या आत ही मुलगी विधवा. त्या काळात राजघराण्यातल्या विधवेनं काय करायचं? पडद्याआड बसायचं. महाराजांनी ठरवलं, हिला शिकवायचं. विरोध झाला. पण त्यांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, आणि ती एकटी पडू नये म्हणून बरोबर शिकायला आणखी काही मुली ठेवल्या. १९२२ मध्ये महाराज गेले. इंदुमतीदेवींनी शिकणं सोडलं नाही, १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या. पुढं त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठीच काम केलं.

मुली एकदम गप्प. वयाचा हिशोब त्यांनी मनातल्या मनात केला असणार. एक जण म्हणाली, "म्हणजे बरोबर मैत्रिणी दिल्या म्हणून जमलं." मी याचा असा विचार केला नव्हता. पण तिचं खरं आहे.

तिथून पुढं टाउन हॉल. आता गंमत बघा. टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय सीपीआरच्या समोर आहे. रस्ता ओलांडायचा फक्त. ज्या मुलींनी सीपीआरच्या पायऱ्यांवर डबा घेऊन तासन् तास काढलेत, त्यातल्या एकीलाही समोर काय आहे ते माहीत नव्हतं. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या वस्तू आहेत. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी, १९४० च्या दशकात तिथं उत्खनन झालं. त्यात सातवाहन काळातली वस्ती सापडली, आणि रोमन जगातून आलेल्या वस्तूही. त्यात एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे, पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून एवढ्या लांब, सह्याद्री ओलांडून, दोन हजार वर्षांपूर्वी हा देव पंचगंगेच्या काठी आला. एका मुलीनं विचारलं, "घाटातनं आणला असंल काय?" हो, घाटातूनच. बंदरावरून घाट चढून माल वर यायचा. "मग आपलं कोल्हापूर तवापास्नं मार्केट हाय म्हणा की."

आणि त्या समोरच्या सीपीआरचीही गोष्ट आहे. पूर्वी त्याचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. संस्थानातल्या मुलींच्या शाळांची जबाबदारी रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची मुलगी कृष्णाबाई महाराजांच्या मदतीनं शिकून डॉक्टर झाल्या आणि याच दवाखान्यात काम करू लागल्या. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. मुलींना म्हटलं, पुढच्या वेळी डबा घेऊन बसाल तेव्हा हे आठवा.

दुसरा दिवस : पाणी

दुसऱ्या दिवशी जुनं शहर. बिंदू चौक, तिथला जुन्या तटाचा बुरूज, महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे. ९ डिसेंबर १९५० ला बसवलेत ते, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. मग चप्पल लाइन. एका दुकानदारानं विचारलं, "कापशी दाखवू काय?" आमच्यातली एक पोरगी म्हणाली, "मी कापशीचीच हाय." दुकानदार हसायला लागला. कोल्हापुरीतला कापशी हा प्रकार आपल्याच कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावानं ओळखला जातो. तिनं एक जोड उचलून वेणी उलटसुलट करून बघितली आणि सांगितलं, "ही सैल घातलीया." वेणीचं काम घरोघरी बायका करतात, ती लहानपणापासून बघत आली होती. त्या दिवशी त्या दुकानात तिचा शब्द शेवटचा होता.

मग अंबाबाई. नमस्कार झाल्यावर मुलींना सांगितलं, आता रांगेची घाई नाही, देवळाला बाहेरून फेरी मारा आणि भिंतीवर बायका किती आहेत, काय काय करतायत ते बघून या. वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या बाया, सगळ्या दगडात. १४ जणींचे १४ वेगळे आकडे आले, अर्धा तास त्यावर वाद. भवानी मंडपात तो वाद चालूच होता.

तिथून खासबाग. महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ मध्ये पूर्ण झालं. मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेल्या बैठका, कुठूनही बसा, कुस्ती दिसते. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं. मुली म्हणाल्या, इथं बायका बसायच्या का कुस्ती बघायला? मी म्हटलं, आता मुरगूडला पोरी स्वतः कुस्ती खेळतात, तुमच्याच तालुक्यात. त्यावर चर्चा चालली होती आणि एक मुलगी बसल्या जागी कलंडली.

ऊन होतं, दुपारचे साडेबारा. तिला सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं. दोन मिनिटांत डोळे उघडले. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, पाणी कमी पडलंय शरीरात, बाकी काही नाही. मी विचारलं, बाटली कुठाय तुझी? बाटली पिशवीत होती. भरलेली. सकाळी सात वाजल्यापासून एक घोट प्यायली नव्हती. पाळीचा दुसरा दिवस होता तिचा.

मग मी सगळ्यांना विचारलं. खरं सांगा, किती जणींनी पाणी प्यायलंय? १४ पैकी ११ बाटल्या भरलेल्या. का? तर पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं कुठं?

सकाळपासून आम्ही दोन ठिकाणी विचारलं होतं. एकीकडं कुलूप, एकीकडं आत पाय ठेवायची सोय नाही. मी पुढं चला म्हटलं होतं, पुढं बघू. मुलींनी ते ऐकलं आणि गुपचूप पाणी बंद केलं. माझ्याकडं त्या दिवसाचं वेळापत्रक होतं, कुठल्या जागी किती मिनिटं, कुठली सनावळी. त्यात स्वच्छतागृह कुठं आहे ही ओळ नव्हती. बाई असून नव्हती. हे मला आज तुमच्यासमोर कबूल करायचंय.

जवळच एक बांगड्यांचं दुकान होतं, मागं घर. त्या काकूंनी आत घेतलं सगळ्यांना, एकेक करून. लिंबूसरबत केलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वेळी सरळ हिकडंच या."

परत येताना बसमध्ये ती मुलगी माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "घरी सांगू नका की मॅडम. परत सोडणार नाहीत. मलाच न्हवं, कुणालाच."

मंडळी, मला माहीत होतं ती खरं बोलतेय. १४ घरांतली एक गोष्ट तासाभरात १४ घरांत पोचते. पण मी म्हटलं होतं ना, जबाबदारी माझी. ते वाक्य चांगलं चाललेलं असताना सोपं असतं. गोकुळ शिरगाव ते कागल मी तिच्याशी बोलत राहिले. शेवटी म्हटलं, आपण दोघी मिळून सांगू. काय सांगायचं ते तू ठरव.

घरी गेलो. वडील ओट्यावर होते. तिनंच सांगितलं सगळं, पाळीचं सोडून. वडील काही बोलले नाहीत, जमिनीकडं बघत राहिले. मी म्हटलं, चूक माझी आहे, सोय बघायला पाहिजे होती. मग आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी मुलीला विचारलं, "पाणी का प्याली न्हाईस?" ती गप्प. आईच म्हणाल्या, "मी तेच करतो न्हवं. कोल्हापूरला जायचं म्हटलं की सकाळपास्नं पाणी बंद. माझं बघूनच शिकली ही."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग वडिलांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं हाय?"

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी स्टँडवर १४ मुली होत्या, आणि त्या आई. वडिलांनीच पाठवलं होतं, सोबत म्हणून. पण त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते सीपीआरच्या समोरचं काय म्हणत होती ही? मी धाकट्याच्या वेळेला आठ दिवस हुते तितं." मग आम्ही आधी टाउन हॉलला गेलो, पुन्हा. त्या त्या छोट्या देवासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग नवा राजवाडा, १८८४ मध्ये पूर्ण झालेला, घड्याळाचा मनोरा असलेला. मग कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेस, शाहू महाराजांचा जन्म तिथला, २६ जून १८७४. हे ऐकून मुलींना धक्काच बसला. जन्म कागलचा असं त्यातल्या निम्म्या भाषणात म्हणत आल्या होत्या. आता भाषणं दुरुस्त होतील.

शेवटी कावळा नाका. चौकात महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी केलेला. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचवीस वर्षांच्या होत्या. औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. १७०७ ला तो जाईपर्यंत त्यांनी राज्य लढतं ठेवलं. कोल्हापूरची गादी त्यांच्यापासूनची. या चौकातून मुली शंभर वेळा गेल्या असतील, बसच्या खिडकीतून. त्या दिवशी रस्ता ओलांडून पुतळ्याखाली उभ्या राहिल्या. रहदारी होती, हॉर्न वाजत होते. त्यांना घाई नव्हती.

तुम्हाला करायचं असेल तर

तुमच्या गावाजवळ शहर असणारच. साताऱ्याजवळच्यांना सातारा, वाईजवळच्यांना वाई. लांब जायची गरज नाही. मी शिकले ते एवढंच सांगते. आधी स्वतः एकदा तो सगळा रस्ता चालून या, आणि दर तासाभराच्या अंतरावर स्वच्छतागृह शोधून ठेवा. वाचनालय, शाळा, ओळखीचं घर, काहीही. पिशवीत पॅड ठेवा आणि ते आहेत हे सगळ्यांना सांगा. दहा वाजता, अकरा वाजता थांबून सगळ्यांबरोबर तुम्हीही पाणी प्या. तिकीट त्यांना काढू दे, पत्ता त्यांना विचारू दे, चुकले तर चुकू दे, तुम्ही मागं आहात. आणि घरी खरं सांगा. लपवलेली सहल एकदाच होते.

शेवटचं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी मला फोन आला. त्याच मुलीचा, जिला चक्कर आली होती. आईच्या मोबाईलवरून. "मॅडम, आम्ही दोघी आलोय कोल्हापुरात. करवीर नगर वाचन मंदिर बघायचंय, तुम्ही म्हणाला होता ना १८५० चं वाचनालय हाय म्हणून. कुठनं जायचं?"

मी सांगणार होते. मग म्हटलं, "तिथं कुणाला तरी विचार की."

"बरं," म्हणाली. आणि फोन ठेवायच्या आधी, "पाणी प्यालोय आम्ही."

भेटूया पुढच्या भागात. तुमच्याकडच्या मुलींनी असं काही केलं असेल तर जरूर कळवा. नमस्कार.